नानांच्या पानांचा नकाशा

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या बायका मला अजून विचारतात, "एस्तेरताई, तुम्ही कंपनीत नक्की काय करत होता हो?" बाकीच्यांचं बरं असतं. एक शिक्षिका होती, एक दवाखान्यात नर्स होती, विषय संपला. मी सांगते, "लिहायचे." "काय, गोष्टी?" "नाही, यंत्र बिघडलं तर काय करायचं ते." त्यावर "हो का, छान" म्हणून त्या लोणच्याच्या कैऱ्यांकडे वळतात. माझ्या नवऱ्याने तर माझी सगळी नोकरी "ही ऑफिसात असते" एवढ्या तीन शब्दांत उरकली. त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मी लाजतमुरडत हो म्हटलं वगैरे काही झालं नाही. मी लगेच बसले. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलंय, आता पूर्ण ऐकूनच जावं लागेल.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, पण त्या दिवसांबद्दल बोलताना तोंडात नगरच येतं. कंपनी दूध गार ठेवणारी यंत्रं बनवायची. गावच्या दूध केंद्रात तुम्ही ती स्टीलची मोठी टाकी पाहिली असेल, तिला बल्क कूलर म्हणतात. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, दूध टाकीत पडतं, तळाकडून गार होतं, आतलं पातं ते सावकाश ढवळत राहतं आणि टँकर येईपर्यंत ते टिकतं. यंत्र बंद पडलं तर मात्र कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. बाकीच्या धंद्यात माल थांबतो, दूध थांबत नाही. सगळ्या गावाचं दूध एकाच टाकीत असतं, त्यामुळे नासलं तर सगळ्या गावाचं नासतं.

बिघाड झाला की आमचे मेकॅनिक मोटारसायकलवर निघायचे. त्यांच्यासाठी जे लिहून ठेवायचं ते माझं काम. पूर्वी त्याच्या छापील पुस्तिका असायच्या. पुढे कंपनीने 'विकी' आणली. विकी म्हणजे पडद्यावरची सगळ्यांची मिळून एक वही. ज्याला जे कळलं त्याने त्याचं एक पान लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, चुकलं असेल तर सुधारायचं. कल्पना इतकी चांगली होती की ती बिघडणार हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पानं वाढत गेली आणि सापडेनाशी झाली. लग्नघरात आत्याने चमचे कुठेतरी नीट ठेवलेले असतात, तसं झालं. ठेवलेले नीटच असतात, फक्त आत्या सापडत नाही.

आमची आत्या म्हणजे म्हस्केनाना.

नाना तिसगावचे. वडिलार्जित शेती भावाच्या हवाली करून कंपनीत मेकॅनिक म्हणून आले, पायाने फिरता येईनासं झालं तेव्हा माझ्या समोरच्या टेबलावर फोन घेऊन बसले. मेकॅनिक गावातून फोन करणार, नाना ऐकणार आणि उपाय सांगणार. त्यांचा आवाज असा होता की फोनची गरज नाही असं मी त्यांना कैक वेळा ऐकवलं. "आरं शान्या, जाळी बघितली का आधी? न्हाई ना? मंग कशाला कंप्रेसरला हात घालतो?" शान्या हा नानांचा सगळ्यांसाठी एकच शब्द. नवा मेकॅनिक शान्या, मॅनेजरही पाठमोरा झाला की शान्या. बढाईखोर इतके की चहा चांगला झाला तरी श्रेय स्वतःकडे घ्यायचे, "मी सांगितलं हुतं त्याला आलं घालाया."

नानांनी आणि त्यांच्या पिढीने बिघाडांना गावांची नावं दिली होती. जो बिघाड पहिल्यांदा जिथे भेटला, ते त्याचं नाव. सोनईकडच्या एका केंद्रात कूलरशेजारीच कडब्याची कुट्टी करायचं यंत्र होतं, त्याचा भुसा उडून कूलरची हवेची जाळी बुजली आणि यंत्र तापून बंद पडलं. झालं, तेव्हापासून जाळी कशानेही बुजू दे, तिचं नाव 'सोनई'. तिसगावात शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की वीज मंदावायची आणि कूलर रुसायचा. मेकॅनिक पोचेपर्यंत वीज सुधारलेली, यंत्र ठणठणीत. तो 'तिसगाव'. आपल्याच गावाचं नाव दिल्याचा नानांना कोण अभिमान. आणि 'कर्जत' हा सगळ्यात लबाड. त्यात टाकीचा तापमानाचा काटा गार दाखवतो आणि दूध कोमट असतं. "साहेब, कर्जत झालंय, वर थोडं सोनई पण हाय," असं आमच्याकडे कुणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटावं, बदली झाली की काय.

नाना फोनवर जे सांगत ते मी समोर बसून टिपून घ्यायचे आणि त्याची पानं करायचे. जसं बोलले तसंच. एकदा वरून आलेल्या एका साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे काय, 'शान्या' काय, 'न्हाई' काय? 'ढवळणी यंत्रणेची तपासणी करावी' असं लिहायला हवं." मी म्हटलं, "साहेब, तुमचं वाक्य वाचून माणूस तपासणी करेल. नानांचं वाचून झाकण उघडेल." मला दुरुत्तरं करायची खोड आहे, आईने पुष्कळ प्रार्थना करूनही ती गेली नाही. पण पानं तशीच राहिली. आज मला माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली गोष्ट विचारलीत तर मी ही सांगेन.

गंमत अशी की ती पानं कुणी वाचत नव्हतं. नानाच फोनवर असताना पान कोण शोधणार?

मग नानांचा घसा बसला. आधी सर्दी म्हणाले, मग धूळ म्हणाले, मग पुण्याला नेलं. तंबाखूने आपला हिशेब पुरता केला होता. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. कुजबुजही नाही. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला बघून हात वर केला आणि सवयीने तोंड उघडलं. गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा आली. मी खिडकीतून बाहेर काहीतरी बघितल्याचं सोंग केलं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सुट्टी संपवून नाना गळ्याला रुमाल बांधून कामावर हजर झाले. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. आमची टीम लीड ऋता, पुण्याची, वयाने माझ्या मुलीएवढी. मला ती आवडायची, कारण ती वाईट बातमी गोड करून सांगत नसे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, फोनच्या टेबलावर न बोलणारा माणूस मी कसा ठेवू? वरचे म्हणतात, त्यांना घरी बसू द्या, फोन पुण्याच्या कॉल सेंटरला जोडू. माझ्याकडे एकच मुद्दा आहे, नानांची पानं. ती लोक खरोखर वापरतात असं दिसलं, तर ती लिहिणारा माणूस इथे हवा असं मी म्हणू शकते. पण आत्ता ती कुणी उघडतसुद्धा नाही."

मी नानांना जाऊन जसंच्या तसं सांगितलं. नानांनी मोबाईल काढला, समोर बसलेल्या मला व्हॉट्सॲप केलं. 'घरी बसून काय करू? भावाच्या गाई मोजू? माझा आवाज गेलाय, तोंड न्हाई गेलेलं.' शेवटी अंगठ्याचं चित्र.

तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसून व्हॉट्सॲपवर भांडायला लागलो.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका. विकीवर पानाला लेबल लावता येतं, डब्यावर 'हळद', 'तिखट' अशी चिठ्ठी चिकटवतो तसं. फरक इतकाच की एका पानाला कितीही चिठ्ठ्या चालतात. लग्नात एखादा माणूस मुलीकडूनही नात्यात असतो आणि मुलाकडूनही, त्याला दोन्हीकडून आमंत्रण असतं, जेवायला मात्र एकाच ताटावर बसतो. पानाचंही तसंच. आणि या लेबलांवरून एक नकाशा करता येतो. म्हणजे एक पहिलं पान बनवायचं, त्यावर लेबलांची नावं मांडायची. एका नावावर बोट ठेवलं की ती चिठ्ठी असलेली सगळी पानं आपोआप समोर येतात. उद्या कुणी नवं पान लिहून तीच चिठ्ठी लावली की तेही तिथे हजर. रोज कुणी हाताने यादी करायला नको. ही सोय मला ऋताने दाखवली, आणि मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला अर्धा तास समजावून सांगितली. तो "बरं" म्हणाला.

पण आधी चिठ्ठ्या बघाव्यात म्हणून मी यादी काढली आणि डोक्याला हात लावला. निम्म्या पानांवर 'इतर' होतं. एका मेकॅनिकने स्वतःच्या सगळ्या पानांना 'महत्त्वाचे' लावलं होतं. एकाने स्वतःचंच नाव. एका पानाला फक्त 'बघू' एवढंच लेबल होतं, कुणी लावलं ते आजवर कळलेलं नाही. मी आणि ऋताने सगळं पुसून शिस्तीत नवं लावलं. शीतकरण, विद्युत, यांत्रिक, स्वच्छता. नकाशा असा देखणा झाला की मी त्याचा फोटो काढून घेतला.

कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मेकॅनिक फोन करत, मी उचले, नाना ऐकत आणि मला व्हॉट्सॲप करत, मी वाचून दाखवी. एका प्रश्नाला फोन, मोबाईल आणि दोन म्हातारी माणसं लागत होती. ऋता काही बोलत नव्हती, पण तिच्या न बोलण्याचा आवाज मला यायचा.

'पोरं असं इचारीत न्हाईत,' नानांनी टाइप केलं. 'शीतकरन म्हनून कुनी फोन केलाय का आजपर्यंत? गावं टाका.'

"गावं नव्यांना कशी कळणार?" मी म्हटलं. "तुमच्या वेळचे किती जण उरलेत?"

'कळत नसंल तर शिकावं. आमी शिकलो.'

"तुम्ही शिकला नाहीत, तुम्हीच नावं ठेवलीत!"

यावर नानांनी मोबाईल उलटा टेबलावर ठेवला. त्यांच्या भाषेत हे ओरडणं होतं.

उत्तर मला रविवारी चर्चमध्ये सापडलं, आणि पाळकांनी रागावू नये, पण उपदेश चालू असताना सापडलं. आमच्या गीतांच्या पुस्तकात शेवटी दोन सूची असतात. एक पहिल्या ओळीची. ज्याला गाणं पाठ आहे, त्याच्यासाठी. दुसरी विषयांची. लग्न, बाप्तिस्मा, दुःखात धीर, पिकाची उपकारस्तुती. ज्याला गाणं ठाऊक नाही पण कशासाठी हवंय ते ठाऊक आहे, त्याच्यासाठी. एकाच पुस्तकात दोन दारं, आणि त्यावरून कुणी भांडत नाही. माझ्या शेजारच्या मावशींनी मला हळूच ढोसलं, कारण सगळे उभे राहिले होते आणि मी बसूनच हसत होते.

सोमवारी मी नानांना सांगितलं, "तुमची गावं राहतील. पण शेजारी दुसरं दार लागेल. केंद्रावरचा माणूस तक्रार कशी सांगतो, त्याच शब्दांत." नानांनी विचार केला आणि मग जे लिहायला सुटले ते दुपारपर्यंत थांबले नाहीत. इतकी वर्षं फोनवर ऐकलेलं सगळं त्यांच्या कानात होतं. 'यंत्र तापतंय.' 'सकाळी चांगलं, सांजच्याला बंद.' 'आवाज येतोय पन गार न्हाई.' 'काटा गार, दूध कोमट.' ही झाली आमची लेबलं. एका बाजूला गावं, एका बाजूला तक्रारी. ऋताने त्यात तिसरं दार तिच्या शीतकरण-विद्युतचं ठेवलं, सुटे भाग मागवणाऱ्यांना ते लागतं म्हणून. तिचंही बरोबर होतं, पुढे ते स्टोअरवाल्यांनीच सगळ्यात जास्त वापरलं. नानांनी प्रत्येक पान पुन्हा वाचून चिठ्ठ्या सांगितल्या, मी लावल्या. त्या दिवसांत ऑफिसात आमच्या टेबलांवरून एक शब्द ऐकू यायचा नाही, फक्त दोन मोबाईल टुणटुणत असायचे, आणि मला नोकरीतले ते दिवस अजून सगळ्यात जास्त आठवतात.

नकाशा मेकॅनिकांच्या मोबाईलवर गेला आणि पहिला फोन आला तो कौतुकाचा नव्हे. कर्जतकडच्या एका दूध संस्थेचे चेअरमन होते. मेकॅनिकच्या खांद्यावरून त्यांनी पडदा बघितला होता.

"बाई, आमच्या तालुक्याचं नाव तुमी बिघाडाला दिलंय व्हय? आमी काय बिघडलेलं हाय का?"

"नाही हो साहेब, तो बिघाड पहिल्यांदा तिकडे सापडला, म्हणून मानाने नाव दिलं."

"ह्यो कसला मान? काढून टाका."

मी नानांकडे बघितलं. नानांनी झरझर टाइप केलं, 'त्यास्नी सांगा सोनईचं बी हाय.'

"साहेब, सोनईचं पण नाव आहे त्यात," मी म्हटलं.

"सोनईचं हाय?"

"आहे."

"त्यांचं मोठ्या अक्षरात हाय का आमच्यापरास?"

"सारख्याच अक्षरात आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या," चेअरमन म्हणाले. "पन वर ठिवा. क ह्यो स च्या आधी येतो." मी त्यांना तसा शब्द दिला. नाना आवाज नसतानाही इतके हसले की गळ्याचा रुमाल सरकला.

तरी पानं उघडल्याचा आकडा काही ऋताच्या मनासारखा चढेना. जुनी सवय. फोन लागतोय तोवर लोक वाचत नाहीत. ऋताला पुण्याला बैठकीत उत्तर द्यायचं होतं. बैठकीच्या दिवशी सकाळी ती त्यासाठीच आमच्याकडे आली होती, आणि मी चहा आणायला खाली गेले होते.

परत आले तर नाना उभे होते आणि त्यांच्या हातात फोनचा रिसीव्हर होता. इतक्या वर्षांची सवय, घंटा वाजली की हात जातो. फोनवर संतोष होता, आमचा नवा मेकॅनिक, पूर्वी सोनईला ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये होता, कूलर त्याला नवे. रिसीव्हरमधून त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "हॅलो... नाना का? नाना, काटा चार दाखवतोय, पन दूध कोमट लागतंय. टँकर यायला झालाय. रातचं आन सकाळचं दोनी दूध हाय आतमधी. हॅलो?"

नानांना उत्तर ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते बघत होते. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, आणि काही बाहेर येत नव्हतं. त्यांनी हातातलं पेन रिसीव्हरवर आपटलं. ठक, ठक, ठक. मी धावत जाऊन फोन घेतला, तोवर लाइन तुटली होती. परत लावला, लागेना. ते गाव डोंगराच्या कुशीत, रेंज वाऱ्यावर येते-जाते. ऋताने तिच्या मोबाईलवरून लावला. तिचाही लागेना.

नाना खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत ते कधी रडले नव्हते, दवाखान्यातही नाही. आता मात्र त्यांनी रुमाल गळ्यावरून काढून डोळ्यांना लावला. व्हॉट्सॲप केलं नाही, काही नाही. ऋता माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, आणि दोघींनाही ठाऊक होतं की वरचे म्हणतात ते हेच. फोनच्या टेबलावर न बोलणारा माणूस.

मी काही न सुचून विकी उघडली. पान कोण उघडतंय ते तिथे दिसतं. नकाशा कुणीतरी उघडला होता. मग 'काटा गार, दूध कोमट' या नावावर बोट ठेवलं गेलं होतं. मग 'कर्जत'चं पान. उघडणाऱ्याचं नाव संतोष.

"नाना," मी म्हटलं, "इकडे या."

आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत बसलो. बघण्यासारखं काही नव्हतं. पान उघडलेलं आहे एवढंच दिसत होतं, आणि संतोष ते वाचतोय एवढंच आम्हाला कळत होतं. चहा तसाच निवला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. या वेळी नानांनी हात मागे घेतला. मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"बाई, झालं!" संतोष धापा टाकत होता. "रेंज गेल्ती. मंग केंद्राच्या कंप्युटरला इंटरनेट हुतं, त्याच्यावर नकाशा काडला. मला गाव म्हाईत नव्हतं, पन तक्रार तर म्हाईत हुती. पान वाचलं आन झाकण उघडलं. मोटर फिरतीय आन पातं उभंच! दोनीस्नी जोडनारी पिन तुटलेली. हातानं ढवळलं, पिन बसवली. आता वरचं दूध बी गार लागाय लागलंय. टँकरवाल्यानं तपासून घेतलं." मग म्हणाला, "नाना फोनवर हुते न्हवं मघाशी? ठकठक ऐकलं मी. म्हनलं नाना हायती जाग्यावर, मंजी काम हुईल. आन ते पान वाचताना, बाई, खरं सांगतो, नानाच शेजारी हुभे राहून शिव्या घालतेत असं वाटलं."

ऋताने पर्स खांद्याला लावली आणि निघताना नानांना म्हणाली, "नाना, पुढचं पान कधी लिहिताय?" इतकंच. पुण्याच्या बैठकीत ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. फोन पुण्याला गेला, पण नाना टेबलावर राहिले. नव्या मेकॅनिकांना कळेल असं लिहायचं आणि चिठ्ठ्या तपासायच्या हे त्यांचं काम झालं. निवृत्त होईपर्यंत ते रोज आले, आणि रोज कुणाला ना कुणाला शान्या म्हणून टाइप केलं.

मीही नंतर निवृत्त झाले. मध्यंतरी संतोष भेटला, आता तोच मोठा मेकॅनिक आहे. म्हणाला, कंपनीत नवी यंत्रणा आलीय. मोबाईलला तोंडाने विचारलं की तो तोंडाने उत्तर देतो, पानं शोधायला नकोत. "उत्तर बरोबर देतं, बाई. पन लई सभ्य बोलतं." मी चौकशी केली. ते यंत्र आमचीच पानं वाचून सांगतं, फक्त धुऊन पुसून. 'ढवळणी यंत्रणेची तपासणी करावी.' शेवटी तो साहेब जिंकला म्हणायचा. मी ऋताला फोन करून सांगितलं, मला नानांची मूळ पानं छापून हवीत, परवानगी काढ. तिने काढली. नकाशा छापता येत नाही, बोट ठेवल्यावर काही उघडत नाही. पण पानं येतात.

ती घेऊन मी मागच्या महिन्यात तिसगावला गेले. नाना ओट्यावर बसले होते, थकलेत, पण मोबाईल हातात. त्यांची नात, दुसरीत शिकणारी, नुकतीच वाचायला लागलेली, दिसेल ते मोठ्याने वाचते. तेलाचा डबा, औषधाची बाटली, सगळं. ती नानांच्या शस्त्रक्रियेनंतर जन्मली. तिने माझ्या हातातले कागद घेतले आणि एकेक शब्द जोडत सुरू केलं.

"आधी... झाकण... उघड. मोटरचा आवाज ऐकून फिरतंय म्हनू नको. मोटर फिरती, पातं उभंच असतंय. काटा खोटं बोलत न्हाई, त्याला तळाचं कळतंय, वरचं म्हाईत नसतंय. पिन मिळस्तवर हातानं ढवळ. घाबरू नको, शान्या. दूध वाचतंय."

ती थांबली. "हे कुनी लिव्हलंय?"

"तुझ्या आबांनी," मी म्हटलं. "लिहिलं मी, बोलले ते."

तिने नानांकडे बघितलं. तिच्या लेखी आबा म्हणजे न बोलणारा माणूस. झाड कधी बोललं असेल असं आपल्याला वाटत नाही, तसं. "आबा, तुमी असं बोलायचा?" नानांनी मान हलवली. "मला पन शान्या म्हनला असता?"

नानांचा अंगठा मोबाईलवर फिरला. ती वाट बघत त्यांच्या हाताकडे बघत होती, पण टुणटुणला तो माझ्या पर्समधला फोन. समोरासमोर बसून, जुन्या सवयीने.

'तिला म्हना, घाबरू नको शाने. तुमी म्हना. माझी चाल तुमास्नीच म्हाईत हाय.'

मी फोन खाली ठेवला, तिला जवळ घेतलं आणि जमेल तेवढ्या मोठ्या, घोगऱ्या आवाजात, 'नको'वर हेल काढून म्हटलं. ती खिदळली आणि म्हणाली, "परत."

नाना डोळे मिटून ऐकत होते. मी परत म्हटलं.